पाच पोळ्यांचा रंग

कौतिकचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. त्या मंगळवारीही तीनलाच झाला. फक्त केळीच्या मळ्यात जायचं नव्हतं, धुळ्याला जायचं होतं. साडेतीनला गाडी माझ्या दाराशी येऊन थांबली. हॉर्न त्याने आजवर कधी वाजवला नाही. इंजिनाचा आवाज ओळखून मी बाहेर येतो.

आम्ही सावद्याचे केळी कापणारे. एका टोळीत सव्वीस वर्षं काढली. माझे गुडघे गेले तसा मी घरी बसलो. कौतिक बासष्टचा आहे, तो अजून जातो. टोळीचं काम उजाडायच्या आत लागतं आणि मळे गावापासून दहा-पंधरा किलोमीटर आत असतात. त्या वेळेला एसटी नसते, रिक्षा नसते. गाडी आहे म्हणून कौतिकला काम आहे. पुढचं सगळं यावर आहे, म्हणून आधी सांगितलं.

गाडी १९९५ ची, शंभर सीसीची हिरो होंडा. सात वर्षं मजुरीतून बाजूला टाकून त्याने ती दसऱ्याला धुळ्यात घेतली. तो मूळचा धुळे तालुक्यातला. गाडीच्या कागदावर पत्ता अजून तिथल्या भावाच्या घराचा आहे, म्हणून तपासणीही धुळ्यालाच होते. पंधरा वर्षं झाली की गाडीचा कागद नवा करावा लागतो, मग दर पाच वर्षांनी. या खेपेची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

तीस वर्षांत इंजिन दोनदा उघडलं. दोन्ही वेळा कौतिक मिस्त्रीच्या शेजारी दिवसभर बसून होता, भाकरीही तिथंच खाल्ली. ऑइल दीड हजार किलोमीटरला बदलतो. चेन दर रविवारी सोडवून धुतो. गाडी कुणाला देत नाही, पोटच्या पोरालाही नाही. मी तिच्यावर मागे बसून हजारो फेऱ्या केल्या असतील. वाटेत ढकलावी लागली ती एकदाच, आणि तेव्हा पेट्रोल संपलं होतं. ती चूक माझी होती. भरायला मला सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. कौतिक गाडीला दर पोळ्याला रंग देतो.

त्याचे वडील दुसऱ्याकडे सालदार होते. पोळ्याला मालकाच्या बैलांची शिंगं ते रंगवायचे आणि कौतिक रंगाचा डबा धरून उभा राहायचा. घरचे बैल कधी झाले नाहीत. गाडी आली तेव्हापासून पोळ्याला तिला धुवायचं, हार घालायचा, पुरणाचा घास दाखवायचा. केळीच्या चिकाने मूळ रंग पार गेला, तेव्हा २०२१ ला त्याने ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेतला. पहिल्या वर्षी चंदेरी. मग लाल, तपकिरी, निळा. या वर्षी हिरवा. त्याची बायको बेबाबाई म्हणायची, “माझ्या लुगड्याला तीन वर्षं थांबा, आन् तिला दर साली नवा रंग!” मीही म्हणायचो की ही मेहनत वाया आहे. रंगाने गाडी चालत नाही. कौतिक ब्रश फिरवत राहायचा.

पाचच्या सुमाराला जळगाव आलं. कौतिकचा मुलगा नीलेश तिथं पाइपच्या कारखान्यात आहे, मेहरूणला खोली घेऊन राहतो. कामावर जायच्या आधी तो चहाच्या गाडीवर भेटला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

“युसूफचाचा, तुम्ही तरी सांगा ना यांना,” तो म्हणाला. “हिच्या वयाच्या गाड्या भंगारात बारीक होऊन पुन्हा नव्या झाल्या. मी हप्त्यावर नवी घेऊन देतो.”

“तुनी नवी गाडी तीस वरीस चालई का?” कौतिकने विचारलं.

“तीस वर्षं तुम्ही चालणार का, आबा?”

“मी नही. ती बी नही. पन आते दोन्ही चालू शेत ना?”

नीलेश हसला, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “आज पास नाही झाली तर आबा काम सोडतील. दुसऱ्या गाडीवर ते बसायचे नाहीत. आणि काम सोडलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. गेली चार वर्षं मी तेच करतो आहे, ओट्यावर बसून.

जळगावपासून धुळं नव्वद किलोमीटर. एरंडोल, पारोळा, मग धुळं. कौतिक पंचेचाळीसच्या वर गेला नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. पारोळ्याला त्याने गाडी सावलीत लावली, इंजिनावर हात धरला आणि मोजून दहा मिनिटं थांबला. घाई मला होती, त्याला नव्हती. साडेनऊला आम्ही आरटीओच्या मैदानात रांगेत उभे होतो.

तपासणीचा साहेब चाळिशीचा असेल. कमी बोलणारा, हातात फायली. त्याने लाइट पाहिले, इंडिकेटर पाहिले, गाडी चालवून ब्रेक दाबले. मग इंजिन तसंच चालू ठेवून कान दिला.

“तीस वर्षांची आहे?”

“हां साहेब.”

“मूळ इंजिन?”

“मूळ. नंबर देखा ना.”

साहेबाने खाली वाकून इंजिनाचा नंबर जुळवला. जुळला. मग पेन्सिल आणि पातळ कागद काढला. हँडलच्या खाली गाडीच्या सांगाड्याची जी मान असते, तिच्यावर उजव्या बाजूला चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, छाप उठते, ती फायलीला लावायची. साहेबाने कागद धरला, पेन्सिल घासली. कागद सारखा काळा झाला. त्याने कागद सरकवला, पुन्हा घासली. पुन्हा काळा.

त्याने बोट फिरवून पाहिलं. मान हिरवीगार होती आणि काचेसारखी गुळगुळीत.

“नंबर कुठे आहे, आबा?”

कौतिकला प्रश्न कळला नाही. त्याला वाटलं साहेब काम पाहतो आहे.

“तठे बारीक बारीक खड्डा व्हतात साहेब. गंज लागना व्हता. मी लांबी भरी, घासी घासी साफ करं.”

साहेब सरळ उभा राहिला. “ते खड्डे म्हणजेच नंबर.”

कौतिकने स्वतःचं बोट मानेवर फिरवलं. माझ्यासमोर त्याने ती लांबी, रंगाआधी खड्डे बुजवायचा लगदा, भरली होती, २०२१ च्या पोळ्याला. मी ओट्यावर बसून बघत होतो. मलाही ते खड्डेच वाटले होते. लिहिलेलं आम्हाला दोघांना नीट वाचता येतं. पण गंजात भरलेल्या अक्षरांना आम्ही अक्षरं म्हणून पाहिलंच नाही.

“लांबीच्या आधी कशाने घासलं?” साहेबाने विचारलं.

“पालिश पेपर.”

“किती?”

“बोट फिरवं तर काही लागाले नको, तथपर्यंत.”

साहेबाने फाइल बंद केली. आवाज चढवला नाही. “लोखंड घासलं गेलं असेल तर नंबर गेला. चोरीच्या गाडीचा नंबर असाच घासलेला असतो. तुम्ही चोर नाही, हे मला दिसतंय. पण मला छाप लागते. माझ्या यादीत अजून चौतीस गाड्या आहेत. त्या होईपर्यंत नंबर बाहेर काढून दाखवा. नाही निघाला तर गाडी आज इथून हलणार नाही. तसा अहवाल मला द्यावाच लागेल.”

“मंग गाडी कधी भेटई?”

“ते माझ्या हातात नसेल, आबा.”

आम्ही गाडी ढकलत मैदानाच्या कडेला निंबाखाली नेली. कौतिकचा चेहरा उतरला होता, पण त्याने पहिलं काम केलं ते टूलबॉक्स उघडायचं. पाना, पक्कड, जुना प्लग, आणि त्याची वाकडी सुरी. केळीची फणी घडापासून वेगळी करायची ती सुरी. ती तो घरी ठेवत नाही.

मी थिनर आणायला निघालो. रंगाचं दुकान रस्त्यापलीकडे अर्धा किलोमीटर. माझ्या गुडघ्यांना जाऊन यायला पंचवीस मिनिटं लागली. धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत आला असता. परत आलो तर कौतिकच्या शेजारी एक पोट सुटलेला माणूस उकिडवा बसलेला. हेमराज. मैदानाबाहेर नंबरप्लेटा लावून देतो, शिवाय कुणाचं काय अडलंय ते हुंगत फिरतो.

“हे बघा चाचा,” तो मला म्हणाला, “आबा उगाच घाम गाळताय. माझ्याकडे अक्षरांचे पंच आहेत. कागदावर नंबर आहेच. अकरा अक्षरं, हातोडीचे अकरा ठोके. वर जरा माती चोळली की जुना दिसतो. दहा मिनिटांत मोकळे.”

“आणि साहेबाला कळलं तर?”

“साहेब काय भिंग घेऊन बसतो का? चौतीस गाड्या आहेत त्याला.”

कौतिक माझ्याकडे बघत होता. त्याला होय म्हणायचं होतं, हे मला दिसत होतं. आयुष्यात त्याने कुणाचं एक केळं उचललं नाही, पण त्या वेळी तो हो म्हणाला असता.

“खाली खरा नंबर असला आणि वर याने दुसरा ठोकला,” मी म्हणालो, “तर दोन्ही जातील. मग गाडी चोरीची नसली तरी आपण चोर.”

हेमराज उठला. “बसा मग केळी सोलत. शेवटच्या पाच गाड्या राहिल्या की हाक मारा. तेव्हा भाव वेगळा.”

मी चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि मानेवर दाबून धरली. हिरवा रंग फुगला, पुसला गेला. खाली निळा. पुन्हा चिंधी, पुन्हा थांबायचं. घाईत खरवडलं तर सुरी लोखंडावर उतरेल आणि नंबराच्या बाजूला नव्या रेघा पडतील, म्हणून प्रत्येक थर मऊ होईपर्यंत थांबावं लागत होतं. निळ्याखाली तपकिरी. तपकिरीखाली लाल. मैदानातून साहेबाच्या माणसाची हाक येत होती, गाडीचे नंबर पुकारत. मी मोजत होतो. चंदेरी थर निघाला तेव्हा यादीत एकवीस राहिल्या होत्या.

चंदेरीखाली लांबी. करडी, दगडासारखी. थिनर तिला काही करत नव्हतं.

“पाना दे, ठोकून काढू,” मी म्हणालो.

“हात नको लावू, युसूफभाऊ,” कौतिक म्हणाला. “मी करस.”

त्याने सुरी घेतली, टोक अंगठ्याखाली धरलं.

हे काम कसं असतं ते ज्याने केलं नाही त्याला सांगावं लागेल. बाहेरगावी जाणारा माल खोक्यात भरतात. त्यासाठी घडाच्या दांड्यापासून एकेक फणी कापून काढतात. सुरी दांड्याला लागली पाहिजे, केळाला नाही. केळावर केसाएवढी रेघ पडली तरी दोन दिवसांत ती काळी होते आणि फणी बाद. टोळीत पंधरा माणसं असतात, त्यातल्या दोघा-तिघांच्याच हातात ही सुरी देतात. कौतिकच्या हातात ती बावीस वर्षं आहे. मला कधी दिली नाही, आणि बरोबर केलं. माझा हात जड.

तो गुडघ्यावर बसला. लांबीच्या वरच्या अंगाला टोक लावलं आणि तासलं. दाबलं नाही, फक्त सरकवलं. भुकटी पडली. पुन्हा. पुन्हा. लोखंड दिसायला लागलं की तो टोक उचलायचा. मी चिंधीने पुसत होतो. पहिल्या अक्षराच्या जागी एक करडी रेघ दिसली. लोखंड काळं, खाचेत लांबी करडी. तो खाचेत टोक घालून दाणा दाणा उचलू लागला.

“काय शे?” त्याने विचारलं.

“नऊ.”

“कागदवर?”

मी कागदाची झेरॉक्स पाहिली. “नऊच.”

त्याने मान हलवली नाही, पुढच्या अक्षराकडे गेला.

पहिली सात अक्षरं बरी निघाली. आठवं उथळ होतं. नववं त्याहून उथळ. तेव्हा मला कळलं काय झालं असेल. पालिश पेपर घासताना हात एका बाजूला जास्त जोर देतो. कौतिक ज्या टोकाशी उभा राहून घासत होता, नंबराचा शेवट तिथंच होता. जसजसं पुढे जाऊ तसतसं लोखंड जास्त गेलेलं असणार. त्यालाही कळलं होतं. त्याने सुरी खाली ठेवली, हात मांडीवर पुसला, अंगठा दुसऱ्या हाताने चोळला.

“सगळा माझाच हात,” तो म्हणाला. “कोनी दुसऱ्यानं करं नही.”

“आधी काम कर. मग रड.”

“रडत नही. सांगस.”

दहावं अक्षर शून्य होतं, अर्धं. वरचा गोल दिसत होता, खालचा अंदाजाने. यादीत सहा गाड्या राहिल्या होत्या. हेमराज पुन्हा येऊन उभा राहिला, हात मागे बांधून. या खेपेला नुसता बघत राहिला.

अकराव्याच्या जागी काही नव्हतं. लांबी निघाली, खाली सपाट लोखंड. कौतिकने कोरडी चिंधी फिरवली, थुंकी लावली, पुन्हा पुसलं. मी कोनात डोळा लावून पाहिलं. उन्हात काहीतरी रेघेसारखं चमकलं आणि गेलं.

“एक अक्षर,” हेमराज हळू म्हणाला. “फक्त एक ठोका, आबा. कुणाच्या बापाला कळत नाही.”

कौतिकने त्याच्याकडे वर पाहिलं. मला वाटलं, आता हा सांगतो ठोक म्हणून. मी काही म्हणणार नव्हतो. जे सांगायचं ते एकदा सांगून झालं होतं आणि गाडी त्याची होती.

“भाऊ,” कौतिक म्हणाला, “धा अक्षरं खरी निंघनी. अकराव्वं खोटं लावं तर त्या धाही खोटा व्हतीन. तू जाय.”

मग तो उठला आणि साहेबाकडे चालत गेला. यादी संपायची वाट पाहिली नाही.

साहेब आला. त्याने मोबाइलचा दिवा लावला, मानेच्या कडेने तिरका धरला. नवा कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासली, अगदी हलकी. पहिली दहा अक्षरं उठली. शून्यही पूर्ण उठलं, डोळ्याला दिसत नव्हतं तेही. अकराव्या जागी धुरकट काहीतरी. त्याने दुसरा कागद घेतला. मग तिसरा. तिसऱ्यावर जास्त वेळ घासत राहिला.

तो कागद त्याने स्वतः वाचला नाही. इकडे तिकडे पाहिलं. लायसन्सच्या रांगेत एक कॉलेजची मुलगी उभी होती, तिला हाक मारली. फाइल छातीशी उलटी धरली आणि कागद तिच्या हातात दिला.

“यावर काय दिसतं ते मोठ्याने वाचा. अंदाज करायचा नाही. दिसेल तेच.”

मुलगी घाबरली. एकदा साहेबाकडे, एकदा आम्हा दोघांकडे पाहिलं. मग वाचायला लागली. नऊ. पाच. अक्षरं, आकडे, एकेक. दहावं शून्य म्हणाली. पुढे थांबली.

“इथे आहे काहीतरी.”

“काय?”

“एक… नाही.” तिने कागद उजेडाकडे धरला. कौतिक माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या हातात अजून सुरी होती आणि त्याला ती हातात आहे हे माहीत नव्हतं. मी ती हळूच काढून घेतली. “एक उभी रेघ आहे. आणि इथून अशी तिरकी येते. आडवी पण आहे, बारीक.” तिने बोटाने हवेत काढून पाहिलं. “चार आहे सर. चारच.”

“नक्की?”

“हो. तिरकी रेघ दिसतेय ना.”

साहेबाने फाइल उघडली, पाहिली. तिन्ही कागद स्टेपलरने फायलीला लावले. मग शिक्का काढला.

“आबा,” सही करताना तो म्हणाला, “मानेला पुन्हा हात लावू नका.”

“नही साहेब.”

“बाकी गाडी चांगली ठेवलीय.”

हेमराज तिथं नव्हता. कधी गेला ते आम्ही पाहिलं नाही. कौतिक निंबाखाली जाऊन खाली बसला. पाणी प्यायला. मग उजवा अंगठा मला दाखवला. वाकत नव्हता. सुजून आतल्या बाजूला काळा पडला होता.

“उद्या मळा कसा करशील?” मी विचारलं.

“उद्या खाडा,” तो म्हणाला. मी त्याला ओळखतो तेव्हापासून हा शब्द त्याच्या तोंडून मी तीन-चारदाच ऐकला असेल.

दीड वाजता आम्ही निघालो. माझे गुडघे असे असूनही किक मी मारली, कारण उठताना त्याचे पाय आखडले होते. पहिल्या किकला सुरू झाली. हँडल त्यानेच धरलं, चार बोटांनी.

नव्या कागदाची फी आणि जुन्या गाडीचा कर आठवडाभर आधीच भरलेला होता. अकरा दिवसांच्या कापणीची मजुरी त्यात गेली होती. नंबर निघाला नसता तर तीही बुडाली असती. ती बुडाली नाही. त्या अकरा दिवसांच्या मजुरीत कौतिकला पहाटे मळ्यात जायला अजून पाच वर्षं मिळाली.